विश्लेषण : गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीला महिने का लागतात? उशीर कसा टाळायचा?

‘पार्ट मागवलाय, पुढच्या आठवड्यात फोन करा.’ गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला दिलेल्या अनेकांना हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागते. प्रत्यक्ष काम बरेचदा दोन-तीन तासांचेच असते, तरीही अ‍ॅम्प दीड-दोन महिने दुकानात पडून राहतो. हौशी वादकाचा यात फक्त रियाझ बुडतो. लग्नसमारंभात, कॅफेत किंवा ऑर्केस्ट्रात वाजवून पोट भरणाऱ्याची मात्र सुपारी हातची जाते. हा वेळ नेमका जातो कुठे आणि ग्राहकाच्या हातात काय असते?

वेळ कुठे जातो?

दुरुस्तीत तीन वेगवेगळ्या प्रतीक्षा असतात. पहिली रांगेची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, ध्वनियंत्रणा दुरुस्त करणारे अनेक, पण गिटार अ‍ॅम्पची सवय असलेले मोजकेच. त्यात गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराईच्या तोंडावर मिक्सर आणि मोठ्या पॉवर अ‍ॅम्पची कामे आधी घेतली जातात.

दुसरी प्रतीक्षा निदानाची. अ‍ॅम्प पूर्ण बंद असेल तर दोष तुलनेने लवकर सापडतो. ‘मध्येच आवाज जातो’ किंवा ‘तापल्यावर खरखर येते’ ही तक्रार सर्वात वेळखाऊ, कारण कारागिराच्या टेबलावर अ‍ॅम्प तासन् तास व्यवस्थित चालतो. सैल झालेला सोल्डर सांधा गरम झाल्याशिवाय किंवा हादरा बसल्याशिवाय दगा देत नाही.

तिसरी प्रतीक्षा सुट्या भागाची. ती सर्वात लांब असते आणि कारागिराच्या हातातही नसते.

सुटे भाग मिळायला अडचण का?

ट्यूब अ‍ॅम्पमधील ईएल३४, ६एल६, १२एएक्स७ यांसारख्या ट्यूबचे उत्पादन आज प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांत होते. बेंगळूरुची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी एकेकाळी ट्यूब बनवत असे. आता भारतीय ग्राहकाची भिस्त आयातीवर आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा जगभर ट्यूबची टंचाई झाली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला असेल, तर तो परदेशातून मागवावा लागतो किंवा नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो. दोन्हीला वेळ लागतो.

ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पची अडचण वेगळी. जुन्या पॉवर आयसींपैकी काहींचे उत्पादन थांबले आहे आणि बाजारात नकली आयसी मिळतात. तो बसवला की अ‍ॅम्प काही दिवसांत पुन्हा दुकानात येतो. डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये सुटा भाग बदलण्याऐवजी अनेकदा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. तो वितरकाकडे नसेल तर थांबण्यावाचून इलाज नाही.

परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पचे काय?

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प हा हमखास प्रकार. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० व्होल्टचा. मागची पट्टी न वाचता प्लग लावला तर फ्यूज उडतो, कधी पॉवर ट्रान्सफॉर्मरही जातो. शिवाय अशा अ‍ॅम्पवर भारतातील वितरक वॉरंटी देईलच असे नाही. ते आधी सीरियल क्रमांक पाठवून विचारून घ्यावे. अन्यथा ‘वॉरंटीत बसत नाही’ हे कळायलाच काही आठवडे जातात.

दुकानात नेण्याआधी काय तपासावे?

– दुसरी केबल, दुसरी गिटार आणि दुसरा सॉकेट लावून पाहा. दोष अ‍ॅम्पमध्ये नसून केबलमध्ये निघणे ही नेहमीची गोष्ट आहे.

– आवाज अचानक क्षीण झाला असेल आणि मागे इफेक्ट्स लूप असेल, तर ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ एका छोट्या केबलने जोडा. आवाज परत आला तर दोष बहुधा रिटर्न जॅकच्या संपर्कपट्टीत आहे. दमट हवेत ती काळवंडते. एवढे सांगितले तरी निदानाचा बराच वेळ वाचतो.

– मधूनच येणाऱ्या दोषाचा मोबाइलवर व्हिडीओ काढा. किती वेळ वाजवल्यावर आणि कोणती कळ कुठे असताना तो येतो, ते लिहून ठेवा.

– फ्यूज उडाल्यास त्याच क्षमतेचा आणि प्रकारचा लावा. पुन्हा उडाला तर तिथेच थांबा. फ्यूजच्या जागी तार जोडणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा बळी देणे.

– अ‍ॅम्प उघडू नका. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो.

अ‍ॅम्प देताना काय ठरवावे?

सर्वात महत्त्वाचे म्हणजे ‘कधी मिळेल?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून उपयोग नाही. दोष कळण्याआधी दिलेली तारीख हा अंदाजच असतो. त्याऐवजी ‘निदान कधी सांगाल?’ असे विचारावे. ही तारीख कारागीर पाळू शकतो. निदान झाल्यावर भाग, किंमत आणि अंदाजे तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावी.

पावतीवर मॉडेल, सीरियल क्रमांक, तक्रार, तपासणी शुल्क आणि ‘अमुक रकमेपेक्षा जास्त खर्च असल्यास आधी विचारावे’ अशी नोंद असावी. आगाऊ रक्कम मागितल्यास ती नेमक्या कोणत्या भागासाठी, हे लिहून घ्यावे. भाग यायला वेळ लागणार असेल, तर तोवर अ‍ॅम्प घरी नेता येईल का, हेही विचारावे. दोष किरकोळ असेल तरच हा पर्याय खुला असतो.

तारीख उलटली तर?

रोज फोन करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एकच नेमका प्रश्न विचारावा : काम रांगेत आहे, निदानात आहे की भागासाठी थांबले आहे? भागासाठी असेल तर मागणी कोणत्या तारखेला नोंदवली? उत्तर दोनदा बदलले, तर अ‍ॅम्प परत घेण्याचा विचार करावा. कार्यक्रम तोंडावर असेल तर अ‍ॅम्प भाड्याने घेणे किंवा अ‍ॅम्प सिम्युलेशन असलेला मल्टिइफेक्ट्स पेडल थेट मिक्सरला जोडणे, हे दोन मार्ग आहेत.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू ही दुकानदाराकडे सोपवलेली ठेव असते. तिची वाजवी काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे (कलम १५१). त्याच्या चुकीमुळे वस्तू वेळेत परत मिळाली नाही, तर त्यानंतरच्या नुकसानीस तो जबाबदार असतो (कलम १६१). मात्र ठरल्याप्रमाणे काम केले असेल, तर मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा अधिकारही त्याला आहे (कलम १७०). त्यामुळे भांडण वाढवण्याआधी तपासणी शुल्काचा हिशेब मिटवावा.

सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. आधी दुकानाला लेखी मुदत द्यावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करावी. तरीही काम न झाल्यास ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी अ‍ॅम्प वापरणारा वादकही यात ‘ग्राहक’ ठरू शकतो. मात्र यासाठी पावती आणि लेखी संदेश हाताशी हवेत.

अ‍ॅम्प परत घेताना

दुकानातच स्वतःच्या गिटारवर किमान अर्धा तास वाजवून पाहावे, कारण तापल्यावर येणारा दोष पाच मिनिटांत दिसत नाही. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि कामाची हमी किती दिवसांची, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोच दोष पुन्हा आला, तर रांगेत पुन्हा शेवटी उभे राहावे लागू नये, यासाठी ही एक ओळ उपयोगी पडते.