पोटात जातं, पण अंगी लागत नाही

साखरा (ता. सेनगाव) शिवारात गेल्या खरिपात हळदीच्या एका प्लॉटवर उभा होतो. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी म्हणाले, "साहेब, शेणखत घातलं, डोस दिला. मग केवडा कसा पडला?" जमीन चुनखडीची. अशा जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. म्हणून हिराकसची ०.५ टक्के फवारणी पानांवर करायला सांगितली.

"मग माझंही असंच आहे म्हणायचं," ते म्हणाले आणि बांधावर बसून त्यांनी आपली हकिगत सांगितली. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट.

लहानपणापासून अंग फिकट, जीभ लाल, चार पावले चालले की दम. घरात दूधदुभते होते, अंडी-मटणही होते. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झाले, अंगारेधुपारेही झाले. शेवटी शहरात तपासणी झाली तेव्हा कळले, की जीवनसत्त्व ब-१२ त्यांच्या आतड्यात शोषलेच जात नाही आणि हा दोष जन्मजात आहे. इंजेक्शने सुरू झाली, तब्येत भरली. लग्न झाले, कामे वाढली. "बरं वाटलं म्हणून बंद केलं." काही वर्षांनी पायाला मुंग्या येऊ लागल्या. रात्री पाणी द्यायला गेले की अंधारात तोल जाई. लोक म्हणाले, गडी प्यायला लागला. इंजेक्शने पुन्हा सुरू केल्यावर तोल सावरला, पण तळपाय बधिर राहिले ते राहिलेच. "चप्पल निसटली तरी कळत नाही," ते म्हणाले.

दोष कुठे असतो?

ब-१२ पिकांत तयार होत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते बनवतात आणि ते आपल्याला दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मात्र ते नुसते गिळून भागत नाही. जठरात एक वाहक प्रथिन तयार होते, ते ब-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेते आणि तिथे ते आत घेतले जाते. काहींच्यात जन्मतः हा वाहकच नसतो. काहींच्यात आतड्याचे दार उघडत नाही. १९६० मध्ये फिनलंड आणि नॉर्वेतल्या डॉक्टरांनी या दुसऱ्या प्रकाराची नोंद केली.

हा आजार क्वचित आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष गुण आला तरच तो होतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे चाल आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच गुण असण्याचा संभव वाढतो. म्हणून घरात एक रुग्ण निघाला, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी.

आपल्याकडचे चित्र

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तीनपैकी सुमारे दोघींच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. याचे मोठे कारण आहारात. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीयांतील काही आनुवंशिक फरकांचाही ब-१२ च्या पातळीशी संबंध दिसला. वाणावाणांत फरक असतो, चुनखडीत एक वाण हिरवे राहते, दुसरे पिवळे पडते, तसेच हे.

उपाय काय?

मुळे घेत नाहीत तेव्हा आपण पानांवर फवारतो. इंजेक्शनचे काम तसेच, ते आतड्याला वळसा घालते. मोठ्या मात्रेच्या गोळ्याही असतात. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतला शंभरावा भाग, म्हणजे सुमारे दहा मायक्रोग्रॅम, वाहकाशिवायही शरीरात झिरपतो. कोणाला काय आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. पण फवारणीने पीक हिरवे झाले, तरी जमीन तीच राहते. जन्मजात दोषात उपचार जन्मभर घ्यावा लागतो, बरे वाटले तरीही.

ग्रामसेवक, आशा आणि अंगणवाडी ताईंना विनंती आहे. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही, हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटते, तान्हे बाळ मलूल होते किंवा बसायला लागलेले बाळ पुन्हा मान टाकते, अशी घरे लक्षात ठेवा आणि त्यांना ब-१२ ची तपासणी करून घ्यायला सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ कमी पडू शकते. एक धोका ध्यानात ठेवावा. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, पण ब-१२ अभावी नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणून गरोदर बाईच्या लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद करू नयेत, तपासणी मात्र करावी.

नसांचे नुकसान लवकर सापडले तर भरून येते, उशीर झाला तर राहून जाते. हळदीचे ते शेतकरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला हळदीचेच बोट लावून ठेवतात. दोन हंगामांत एकही तारीख चुकलेली नाही.