रिपरिपीत अडकणारे चित्र
लेखमाला : घरातली यंत्रे, भाग सातवा

गेल्या आठवड्यात सेट टॉप बॉक्सच्या आत काय चालते ते पाहिले; आज गच्चीवर जायचे आहे. पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एक वाक्य ऐकू येते : पाऊस लागलाय, डिश चालायची नाही. हे इतके अंगवळणी पडले आहे की ऐन बातम्यांत चित्राचे चौकोनी तुकडे झाले, आवाज तुटला, पडद्यावर ‘नो सिग्नल’ आले तरी कोणी तक्रार करत नाही. पाऊस थांबायची वाट पाहिली जाते. मला या समजुतीलाच हरकत घ्यायची आहे. शहरातल्या शाहूपुरीत जुलैमध्ये एरवी जो पाऊस पडतो, त्याने नीट बसवलेली डिश बंद पडण्याचे कारण नाही. ती पडत असेल तर बिघाड डिशमध्ये, तिच्या खांबात किंवा केबलमध्ये आधीपासूनच आहे, आणि तो बहुतेक वेळा किरकोळ खर्चात निघतो.

पावसाने सिग्नल कमी होतो हे खरेच आहे. डीटीएचच्या लहरी 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात येतात. त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात. पण किती, हे ठरते त्या क्षणी पाऊस किती जोरात पडतो यावर. दिवसभरात एकूण किती पडला याला इथे महत्त्व नाही. तासाला 5 मिलिमीटर वेगाने पडणारी रिपरिप उपग्रहापासून डिशपर्यंतच्या वाटेवर साधारण 15 टक्के सिग्नल खाते. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने कोसळणारी सर मात्र दहावा हिस्साही शिल्लक ठेवत नाही. आता आपल्याकडचा पाऊस आठवा. एप्रिल-मेमधला वळीव ढगांच्या गडगडाटासह अर्धा-पाऊण तास झोडपून काढतो. जुलैतला पाऊस दिवसचे दिवस लागून राहतो, पण त्याचा जोर एरवी मंद असतो. म्हणजे डिश खरी बंद पडायला हवी ती वळवात, आणि तीही थोडा वेळ. वळवात दहा मिनिटे गेली आणि परत आली, तर ती निरोगी आहे. आषाढातल्या संततधारेत दुपारभर गेली, तर पाऊस हे कारण पुरत नाही.

यावर कोणी म्हणेल, घाटात तर धो धो कोसळत असतो, त्याचा परिणाम होणारच. इथे दिशा पाहायला हवी. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-15 वरून येते तो उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर येतो. टाटा प्ले 83 अंशांवरून येते, म्हणून तिची डिश दक्षिणेकडे जास्त वळलेली आणि सुमारे 68 अंश उंच पाहणारी. पाऊस बनतो तो थर आपल्या भागात साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत. एवढ्या चढ्या कोनातून येणारा सिग्नल त्या थरात शिरतो तो आपल्या घरापासून आडव्या अंतराने तीनच किलोमीटरवर, म्हणजे शाहूपुरीतून पाहता राजारामपुरी आणि शिवाजी विद्यापीठाच्या अंगाला. पंचगंगेला पूर आणणारा पाऊस गगनबावडा, राधानगरीकडे, पश्चिमेला पडतो. तो या वाटेत येतच नाही.

मग रिपरिपीत चित्र का अडकते? कारण डिजिटल प्रक्षेपण हळूहळू बिघडत नाही. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की आधी मुंग्या दिसत, म्हणजे दुखणे वाढते आहे हे कळत असे. सेट टॉप बॉक्स छोट्या चुका स्वतःच दुरुस्त करून चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दाखवतो, आणि सिग्नल एका मर्यादेखाली घसरला की सगळे एकदम कोसळते. चांगल्या बसवलेल्या डिशकडे कोरड्या दिवशी गरजेच्या दुपटीहून जास्त सिग्नल असतो. ही शिल्लक पावसासाठीच असते. डिश किंचित सरकली, जोडात गंज धरला की ती आटते, पण मेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. मग 15 टक्क्यांची रिपरिप येते आणि नाव पावसाचे होते.

म्हणून पहिली तपासणी कोरड्या दिवशी, घरात बसून करावी. सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’. स्ट्रेंथची पट्टी भरलेली दिसली की लोक निश्चिंत होतात, पण ती गोंगाटही सिग्नलमध्येच मोजते. खरी शिल्लक कळते ती क्वालिटीवरून. ती कोरड्या दिवशीच कमी असेल तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत जास्त शिल्लक खातो तो डिशचा कल. 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंश रुंद असते. ती दीड अंश चुकली की निम्मा सिग्नल गेला, आणि दीड अंश म्हणजे डिशची कड पाऊण सेंटिमीटर सरकणे. कठड्यातला सैल बोल्ट किंवा गंजलेला क्लॅम्प एवढे सहज करतो. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी डिशच्या खांबाला बांधली तरी हे होते. आकाश कोरडे असून नुसत्या वाऱ्यात चित्र तुटत असेल, तर खांबच हलतो आहे हे नक्की धरा. नट घट्ट करण्याआधी मात्र कल क्वालिटीच्या आकड्यावर जुळवायला हवा, नाहीतर चुकीची दिशा कायमची पक्की होते.

शाहूपुरीच्या गल्ल्यांत शेजारी नवी इमारत उठली की तिच्यावर आळ येतो. इथे डिशची ठेवण फसवते. घरगुती डिशमध्ये एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपणारा छोटा डबा, खालच्या बाजूने पुढे आलेला असतो, त्यामुळे डिशचे तोंड दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वरून तिच्यात सिग्नल येतो. 60 अंशांच्या हिशेबाने दहा फुटांवरची भिंत डिशपेक्षा सतरा फूट उंच असेल तरच आड येईल. शंका राहिली तर सूर्य निकाल देतो. दरवर्षी 13 मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि 30 सप्टेंबरच्या आसपास अकराच्या सुमारास सूर्य बरोबर जीसॅट-15 च्या मागे येतो. त्या वेळी डिशवर ऊन असेल तर वाट मोकळी आहे. झाडाची किंवा टाकीची सावली असेल तर अडथळा सापडला. ओली पाने कोरड्या पानांपेक्षा जास्त सिग्नल अडवतात, हा झाडाबाबतचा आणखी एक पुरावा. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडते, पण ते सूर्याच्या स्वतःच्या गोंगाटामुळे. तो बिघाड नव्हे.

दुसरा चोर म्हणजे पाणी. एलएनबीची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकते, केबलच्या पिनेतून पाणी आत झिरपते आणि आतली तांब्याची जाळी काळी पडते. याची खूण अशी की पाऊस थांबल्यावरही चित्र तासन्‌तास येत नाही. ऊन पडून केबल वाळली की येते. हवेतला पाऊस थांबताच संपतो, केबलमधला संपत नाही. ओल्या केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, म्हणून काही चॅनेल जातात आणि काही चालू राहतात. अशी केबल पुसून वापरू नये, बदलावी; नवी पिन लावून वर रबरी टेप गुंडाळावी आणि एलएनबीजवळ केबलला खालच्या बाजूने एक वळण द्यावे, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

मोबाइल टॉवरवरचा राग बहुतांशी अस्थानी आहे. आपल्याकडची 5जी प्रामुख्याने 3.3 गिगाहर्ट्झच्या आसपास आणि 700 मेगाहर्ट्झवर चालते, डिशच्या पट्ट्यापासून फार दूर. तक्रारीत तथ्य असते ते एकाच ठिकाणी. एलएनबीपासून टीव्हीपर्यंत सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरून येतो आणि मोबाइलचे 1800 व 2100 मेगाहर्ट्झचे पट्टे त्यातच बसतात. जाळी धड असेल तर ते आत शिरत नाहीत. म्हणजे उपाय पुन्हा केबलचाच. मोठी डिश घ्यावी, हा सल्लाही अर्धाच खरा. 90 सेंटिमीटरची डिश सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, पण तिची नजर अरुंद असते आणि वारा ती जास्त धरते. हलणाऱ्या खांबावर ती लावणे म्हणजे दुखणे वाढवणे.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शहराभोवतीचे रस्ते बंद झाले होते. अशा दिवसांत बातमी घरात यायलाच हवी, म्हणून हे काम मे महिन्यात, वळवाच्या दोन सरींमधल्या कोरड्या दिवशी करून घ्या. ओल्या कठड्यावर स्वतः चढू नका. त्याआधी चित्र कधी गेले, तेव्हा पाऊस होता की वारा, कोणते चॅनेल गेले आणि किती वेळाने परत आले, एवढे कागदावर लिहून ठेवा. डिशवाला आला की तो कागद त्याच्या हातात द्या, आणि काम संपल्यावर क्वालिटीचा आकडा त्याच कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या.