डेल्फ्टचं लाल विरजण

नव्या जिवाणूंवर लिहा, असं संपादक म्हणाले, आणि मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या एका टाकीपाशीच अडकले. तिथे खिस्ट-ब्रोकाडेस नावाचा यीस्टचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याचा हिशेब लागेना. टाकीत हवा सोडलेली नव्हती, तरी अमोनिया कमी होत होता. ऑक्सिजनशिवाय अमोनिया हलत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. ऑस्ट्रियाच्या एंगेलबर्ट ब्रोडांनी मात्र 1977 मध्येच ऊर्जेचं गणित मांडून, असा जिवाणू असायला हवा, असं लिहून ठेवलं होतं. कारखान्यातल्या आर्नोल्ड मुल्डर यांना तो टाकीत जाणवला.

गाळ तापवला किंवा त्यावर गॅमा किरण सोडले की काम बंद पडे. म्हणजे करणारा जिवंत होता. पण वेगळा कसा काढायचा? ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला अकरा दिवस लागतात. तोवर बाकीचे जिवाणू सगळी बशी व्यापून टाकतात.

त्यासाठी संशोधक मार्क स्ट्राउस यांनी वापरलेल्या भांड्याचं मला फार अप्रूप वाटतं. पाणी भरायचं, ढवळायचं, मग थांबायचं. गाळ बसला की वरचं नितळ पाणी तेवढं काढायचं आणि पुन्हा भरायचं. घरी आपण गढूळ पाणी निवळत ठेवतो तसंच, फक्त इथे जपायचा तो गाळ. महिनोन्‌महिने हे चाललं आणि गाळ लाल होत गेला. ती लाली आपल्या रक्तासारखीच, लोह असलेल्या प्रथिनांची.

तरीही हवा तो जिवाणू सुमारे 74 टक्केच. मग घनतेनुसार थर लावून पेशी निवडल्या. आता दोनशे ते आठशे पेशींमागे जेमतेम एक परकी उरली. जनुकाचा क्रम वाचल्यावर 1999 मध्ये त्याचं कूळ कळलं: प्लँक्टोमायसिट. नाव कारखान्यावरून पडलं, ब्रोकाडिया ॲनामॉक्सिडन्स.

नावाआधी ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, हा शब्द मात्र चिकटला. पक्क्या नावासाठी शुद्ध वाण दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, पुण्याच्या एनसीएमआरसारख्या. हा एकटा वाढतच नाही.

तरी सांडपाण्यातला अमोनिया काढायला त्याला कामाला लावणारी 70 घनमीटरची पहिली मोठी टाकी रॉटरडॅमला 2002 मध्ये उभी राहिली. दोन वर्षांत चालू होईल असा अंदाज होता, लागली साडेतीन. विरजणच पुरेसं नव्हतं, आणि अमोनियासोबत ज्या नायट्राइटवर हा जिवाणू जगतो, ते जास्त झालं तर यालाच सोसत नाही. आता नवी टाकी सुरू करताना जुन्या टाकीतला लाल गाळ नेऊन तिला विरजण लावतात.