पाण्याचा ताळेबंद

कच्छमधील खदीर बेट चहूबाजूंनी खाऱ्या रणाने वेढलेले आहे. पाऊस अत्यल्प आणि बेभरवशाचा, बारमाही नदी नाही. अशा ठिकाणी हडप्पा संस्कृतीतील धोलावीरा हे नगर इसवी सनापूर्वी सुमारे ३००० पासून दीड हजार वर्षे नांदले. २०२१ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. उत्खनन-स्थळाजवळच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. पाण्याविषयीचे लोकशिक्षण कसे व्हावे, याचा वस्तुपाठ येथे मिळू शकतो.

संग्रहालयात मुद्रा, मणी, शंखाच्या बांगड्या आणि दगडी वजने मांडलेली आहेत. व्यापारी कुटुंबातील प्रेक्षकाची नजर वजनांवर स्वाभाविकपणे खिळते. माल अचूक तोलणाऱ्या या लोकांनी पाण्याचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे ठेवला होता. मनसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांवर बंधारे घालून त्यांनी पुराचे पाणी नगराकडे वळवले आणि तटाच्या आत बांधलेल्या जलाशयांत साठवले. काही जलाशय तर खडक कोरून केलेले आहेत. बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीही दगडी नाल्यांतून गोळा केले जाई. पूर्वेकडील मोठा जलाशय सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे. गुणाकार केल्यास त्याची क्षमता दोन कोटी लिटरहून अधिक भरते.

एवढे वैभव पाहूनही अनेक प्रेक्षक थक्क होतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. प्राचीनांचे कौतुक घरच्या नळापर्यंत पोहोचत नाही. संग्रहालयाचे खरे कार्य येथूनच सुरू व्हावयास हवे. जलाशयाच्या प्रतिकृतीशेजारी आजच्या घराचा एक साधा हिशेब मांडता येईल. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी मिळते. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला आणि गळती, बाष्पीभवन व पहिल्या पावसाचे सोडून दिलेले पाणी यांपोटी पाचवा हिस्सा वजा केला, तरी चाळीस हजार लिटर शिल्लक राहतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. त्यानुसार पाच जणांच्या कुटुंबाला हे पाणी जवळजवळ दोन महिने पुरेल.

हा तक्ता पाहिलेले मूल घरी येऊन छताचे माप विचारील. दुकान, गोदाम आणि कारखाना यांची विस्तीर्ण छपरे ज्यांच्या मालकीची आहेत, त्यांना तर हे उत्तर अधिकच मोठे मिळेल. पागोळ्यांचे पाणी गटारात जाते, तेव्हा ती उघड्या डोळ्यांनी केलेली बुडीत खाती जमा असते.

हिवाळ्यात पांढरे रण पाहण्यासाठी अनेक कुटुंबे कच्छला जातात. त्या प्रवासात धोलावीरासाठी एक दिवस राखून ठेवावा, मुलांना प्रथम संग्रहालय दाखवावे आणि नंतर जलाशयाच्या पायऱ्यांपाशी न्यावे. परतल्यावर मापनपट्टी घेऊन छत मोजण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. येत्या पावसाळ्यापूर्वी टाकी आणि पन्हळ बसवून झाली, तर त्या सहलीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.