मोटारीचा रिमोट, मागचे दिवे आणि उसाचा हंगाम

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांचे रात्रीचे रूप पालटते. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकीवरून इंदापूरकडे जाणारा रस्ता असो किंवा भिगवणचा, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि ऊस लादलेल्या बैलगाड्या रात्रभर त्यांवरून धिम्या गतीने चाललेल्या असतात. यांतील कित्येक वाहनांच्या मागे दिवा नसतो. असलाच, तर तो बाहेर आलेल्या मोळ्यांच्या आड गेलेला असतो. याच रस्त्यांवरून घरी परतणाऱ्या मोटारीचे दिवे सुस्थितीत असणे ही म्हणूनच केवळ हौशीची किंवा दंड टाळण्याची बाब राहत नाही.

थोडे गणित मांडून पाहावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तेथेच संपतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्ण थांबण्यास आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे ७० मीटर. समोरच्या वाहनासाठी दिवा खाली केलेला असताना मातकट रंगाची, दिवा नसलेली ट्रॉली मात्र जेमतेम ४०-५० मीटरवर आल्यावरच नजरेत भरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०५ वा नियम पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत, असे म्हणतो. ती अपेक्षा किती रास्त आहे, हे या हिशोबावरून कळते.

समोरच्याचा दिवा आपल्या हाती नाही. आपला मात्र आहे. अडचण अशी, की चालकाला आपल्या गाडीचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. पुढचा एक दिवा गेला तर रस्त्यावरचा उजेड घटतो आणि ते लगेच लक्षात येते. मागचा गेलेला दिवा महिनोन् महिने तसाच राहू शकतो. अलीकडच्या मोटारींनी यात एका नव्या भ्रमाची भर घातली आहे. त्यांचे दिवसा चालणारे पुढचे पांढरे दिवे इंजिन सुरू होताच आपोआप लागतात आणि डॅशबोर्डही उजळतो. शहरातील पथदिव्यांखाली चालकाला वाटते, की दिवे लागलेले आहेतच. अनेक मोटारींत अशा वेळी मागचे तांबडे दिवे मात्र बंदच असतात. दिव्यांचा खटका स्वतः फिरविल्याखेरीज किंवा तो ‘ऑटो’वर असल्याखेरीज ते लागत नाहीत. संध्याकाळी बारामतीतून निघून कालव्याच्या कडेच्या अंधाऱ्या रस्त्याला लागणाऱ्यांनी हे विशेषत्वाने ध्यानात ठेवावे.

मागच्या दिव्यांची रोजची एक फुकट परीक्षा आपल्या खिशातच असते. ती म्हणजे रिमोट. गाडी लॉक करताना इंडिकेटर चमकतात. ती चमक केवळ ‘लॉक झाले’ एवढेच सांगत नाही. पुढचे दोन आणि मागचे दोन असे चारही दिवे चमकले का, हे गाडीभोवती एक फेरी मारून पाहिले, तर निम्मी तपासणी झालीच. एका कोपऱ्यात अंधार राहिला, तर तेथील बल्ब अथवा त्याचा होल्डर संशयित ठरतो. दारे लॉक झाली आणि एकही दिवा चमकला नाही, तर बहुतेक मोटारींत एखादे दार, डिकी किंवा बॉनेट नीट बसलेले नाही असा त्याचा अर्थ होतो. दिवे चमकले, पण एखाद्या दाराची खिटी हलली नाही, तर दोष रिमोटचा नसून त्या दारातील छोट्या मोटरचा किंवा बिजागरीपाशी सतत वाकून तुटलेल्या वायरीचा असतो. काहीच घडले नाही, तरच रिमोटकडे वळावे.

रिमोटच्या तक्रारींत पहिला क्रमांक बटन सेलचा लागतो. बहुतेक रिमोटांत सीआर २०३२ या क्रमांकाचा तीन व्होल्टचा सेल असतो. नेमका क्रमांक जुन्या सेलवर कोरलेला असतो आणि तोच घ्यावा. पूर्वी वीस पावलांवरून उघडणारी गाडी आता दाराशी जाऊनच उघडत असेल, तर सेल संपत आल्याचे समजावे. रिमोट हनुवटीला टेकवून बटन दाबले, की पल्ला थोडा वाढतो असे म्हणतात. ऐकायला ते जादूटोण्यासारखे वाटले तरी खरे आहे. शरीरातील पाणी लहरी पसरविण्यास हातभार लावते. काढलेला सेल मात्र लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. गिळला गेल्यास तो अन्ननलिका भाजून काढतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

नवा सेल घालूनही उपयोग होत नसेल, तर रिमोट आणि गाडी यांचा मेळ तुटलेला असण्याची शक्यता असते. चोरांना नक्कल करता येऊ नये म्हणून रिमोट दर वेळी वेगळा संकेत पाठवितो आणि गाडी तो क्रम लक्षात ठेवते. गाडीपासून दूर, खिशात अथवा मुलांच्या खेळात बटन असंख्य वेळा दाबले गेले, तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. तो मेळ पुन्हा बसविण्याची रीत गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. काही गाड्यांत चावी इग्निशनमध्ये फिरवून बटन दाबले की काम होते. एखाद्या विशिष्ट जागीच रिमोट चालत नसेल, तर गाडी दहा-वीस मीटर पुढे नेऊन पाहावे. भारतातील बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि याच लहरी इतरही अनेक उपकरणे वापरतात.

सेल संपला म्हणून गाडी सुरूच होणार नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. चोरीप्रतिबंधक चिप चावीत निराळी असते आणि तिला सेल लागत नाही. बटनाने सुरू होणाऱ्या गाड्यांत दार उघडण्यासाठी रिमोटच्या पोटात धातूची चावी दडविलेली असते, तर इंजिन सुरू करण्यासाठी रिमोट स्टार्टच्या बटनाला किंवा पुस्तिकेत दाखविलेल्या जागी टेकवावा लागतो. मात्र रिमोट निष्क्रिय, आतला दिवा मंद आणि हॉर्न घोगरा, असे तिन्ही एकत्र आढळल्यास दोष मोठ्या बॅटरीचा असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

दिव्यांच्या बाबतीत नेमके काय बंद आहे, हे पाहिल्यास शोध निम्मा होतो. एकच दिवा गेला असेल तर बल्ब पाहावा. इंडिकेटर एकाएकी दुप्पट वेगाने टकटक करू लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. दोन्ही ब्रेकदिवे बंद असून काचेजवळचा तिसरा लागत असेल, तर बहुधा दोन बल्ब गेलेले असतात. आधी एक गेला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, एवढाच त्याचा इतिहास. तिन्ही बंद असतील, तर फ्यूज किंवा पेडलच्या वर असलेला छोटा स्विच तपासावा. एकट्याने तपासणी करायची असल्यास अंधारात गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात तांबड्या उजेडाचे डाग मोजावेत. फ्यूज पुन्हापुन्हा जात असेल तर तो मोठ्या क्षमतेचा घालू नये आणि तारेचा तुकडा तर मुळीच नको. फ्यूज वायरला वाचविण्यासाठी असतो. तोच निकामी केला, तर वायर जळते आणि प्रसंगी गाडीही.

सर्वांत फसवा दोष अर्थिंगचा. ब्रेक दाबताच पार्किंगचा दिवा मंदावतो, किंवा इंडिकेटर लावल्यावर शेजारचा तांबडा दिवा त्याच तालात लुकलुकतो, तेव्हा वीज परतीची नेहमीची वाट न सापडल्याने भलत्याच दिव्यातून जात असते. होल्डर किंवा पत्र्यावरचा अर्थिंगचा स्क्रू घासून स्वच्छ केला, की बहुधा काम होते. आपल्या भागात हा दोष लवकर उद्भवण्यास कारण आहे. नीरा खोऱ्यातील कालव्याखालच्या जमिनी खारवट होत असल्याची नोंद पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच केली होती. अशा पट्ट्यातील विहिरीच्या खाऱ्या पाण्याने गाडी नित्य धुतली आणि दिव्याच्या काचेचे रबर सैल असले, तर होल्डरवर हिरवट-पांढरा थर चढणारच. उसाच्या फडालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांची वायर उंदीर कुरतडतात, तो उपद्रव वेगळाच.

दिवे मंद वाटले म्हणून पुढे ९०-१०० वॉटचे बल्ब बसविण्याची चाल आजही दिसते. मूळ एच ४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. दोन मिळून साधारण १० अँपियर. शंभर वॉटचे दोन बसविले, की तोच आकडा १६ च्या पुढे जातो. होल्डर वितळतो, खटका जळतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात ते निराळेच. पिवळी पडलेली काच घासून घेतली आणि दिव्यांची उंची नीट लावली, तरी बहुतेक तक्रारी मिटतात. इंडिकेटरमध्ये बाजारातील एलईडी घातल्यावर तो वेगाने टकटक करतो. एलईडी वीज कमी घेत असल्याने गाडीला बल्ब गेल्याचा भास होतो, एवढेच त्यामागचे कारण.

आता पुन्हा ट्रॉलीकडे. तिचे दिवे बंद पडण्याचे मुख्य कारणही अर्थिंगच. परतीची वीज हुकाच्या खिळीतून येईल, असे गृहीत धरून एकच वायर मागे नेली जाते. खिळीवर गंज आणि माती साचली, की दिवा विझतो. यासाठी सात पिनांच्या सॉकेटमधून अर्थिंगची स्वतंत्र वायर शेवटच्या ट्रॉलीपर्यंत न्यावी. रिफ्लेक्टर मागे तांबडे आणि पुढे पांढरे हवेत, परंतु ते स्वतः प्रकाश देत नाहीत. मागून येणाऱ्याच्या दिव्यानेच उजळतात. मागून येणारी दुचाकी मिणमिणत्या दिव्याची असेल किंवा रिफ्लेक्टरवर चिखल बसला असेल, तर त्यांचा उपयोग उरत नाही. बैलगाडीला तर बॅटरीही नसते. तेथे सेलवर चालणारा लुकलुकणारा तांबडा दिवा आणि धुऊन स्वच्छ ठेवलेली रिफ्लेक्टरची पट्टी, दोन्ही हवीत. ट्रॉलीसाठी दिव्यांची सुटी फळी करून ती मोळ्यांच्या सर्वांत मागच्या टोकाला हुकाने अडकविता येते. कारखान्यावर ट्रॉली रिकामी करण्यापूर्वी ती काढून ठेवावी आणि पुढच्या खेपेला पुन्हा लावावी.