विषारी रसायनांवरील जागतिक करार आणि स्वयंसेवी संस्था

एका देशात वापरलेल्या रसायनाचा अंश हजारो किलोमीटर दूरच्या हिमप्रदेशातील मातेच्या दुधात उतरतो, ही कल्पना नसून सिद्ध झालेली वस्तुस्थिती होय. विजेच्या रोहित्रांतील तेलात पूर्वी वापरले जाणारे पीसीबी हे रसायन कॅनडाच्या उत्तर क्वेबेकमधील इन्युइट मातांच्या दुधात आढळले. १९८० च्या दशकातील पाहणीनुसार त्याचे प्रमाण त्याच प्रांताच्या दक्षिण भागातील मातांच्या तुलनेत सुमारे पाचपट होते.

अशा रसायनांचे विघटन सहजासहजी होत नाही. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, वाऱ्याबरोबर ती दूर जातात आणि थंड हवेत पुन्हा खाली उतरतात. ती चरबीत साठतात. त्यामुळे लहान माशांकडून मोठ्या माशांकडे, तेथून सीलकडे आणि अखेरीस माणसाकडे जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते. कोणत्याही एका देशाच्या कायद्याने हे संकट टळणारे नव्हते.

मत नाही, पण स्थान आहे

यास्तव संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या विद्यमाने जून १९९८ मध्ये माँट्रियल येथे वाटाघाटींना प्रारंभ झाला. त्यानंतर नैरोबी, जिनिव्हा, बॉन व जोहान्सबर्ग येथे बैठका झाल्या आणि २२ मे २००१ रोजी स्टॉकहोम येथे करार संमत झाला. त्यात प्रारंभी १२ रसायनांचा समावेश होता. १७ मे २००४ पासून करार अमलात आला. भारताने त्यास २००६ मध्ये अनुसमर्थन दिले.

या वाटाघाटींत पर्यावरण संस्था निरीक्षक म्हणून सहभागी झाल्या. निरीक्षकाला मताधिकार नसतो. परंतु उपस्थित राहणे, निवेदन करणे व माहिती पुरविणे त्याला शक्य असते. माँट्रियलच्या बैठकीच्या वेळीच अनेक देशांतील संस्थांनी 'आयपेन' हे संयुक्त व्यासपीठ स्थापन केले. ही रसायने केवळ नियंत्रणात ठेवू नयेत, तर त्यांचे निर्मूलन व्हावे, असा या संस्थांचा आग्रह होता.

१९९९ मध्ये नैरोबी येथे इन्युइट प्रतिनिधी शीला वॉट-क्लूटिए यांनी माता व बालक यांची दगडात कोरलेली मूर्ती पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख क्लाउस टॉप्फर यांना भेट दिली. पुढील बैठकांत ती अध्यक्षांच्या मेजावर ठेवण्यात येत असे. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील मूळ रहिवाशांना असलेल्या विशेष धोक्याची नोंद कराराच्या उद्देशिकेत झाली आहे.

डीडीटीचा पेच

मात्र सर्वच प्रश्न इतके सरळ नव्हते. डीडीटीचा वापर २००७ पर्यंत संपुष्टात आणावा, अशी काही पर्यावरणवाद्यांची मागणी होती. हिवतापाने ग्रासलेल्या देशांतील मुलांचे प्राण त्यामुळे धोक्यात येतील, असे हिवताप-तज्ज्ञांनी निदर्शनास आणले. अखेर कालमर्यादेची मागणी मागे पडली. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, डीडीटी वापरण्याची मुभा ठेवण्यात आली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे डीडीटीचे उत्पादन होत असे. त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नव्हता.

अनुभवाची साक्ष

करार झाला म्हणजे कार्य संपले असे नव्हे. नवीन रसायनांची छाननी ३१ तज्ज्ञांची समिती करते आणि तिला माहिती देण्याची संधी निरीक्षकांनाही असते. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर अनेक वर्षे एन्डोसल्फानची हवाई फवारणी झाली होती. तेथील रहिवाशांच्या व्याधींचा प्रश्न स्वयंसेवी संस्थांनी लावून धरला. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हा येथे, काही पिकांपुरती मुदतीची सवलत ठेवून, हे कीटकनाशक निर्मूलनाच्या यादीत समाविष्ट झाले. प्रारंभी विरोध करणाऱ्या भारतानेही त्यास संमती दिली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली.

करारावर स्वाक्षरी शासने करतात आणि अंमलबजावणीची जबाबदारीही त्यांचीच असते. परंतु ज्यांच्या अन्नात व दुधात हे विष उतरते, त्यांचा अनुभव सभागृहात पोहोचल्याखेरीज निर्णय परिपूर्ण होत नाही. स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाचे महत्त्व यातच आहे.