पोपटाचं पिल्लू चोच उघडत नाही? भरवण्याआधी त्याचं अंग चाचपून बघा

हिवाळा सरता सरता पोपटांची वीण सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. नंदुरबार जिल्ह्यात या काळात हवा दोन्ही टोकं गाठते. जानेवारीत पहाटे हुडहुडी, एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशासारख्या गावात जुन्या झाडाच्या ढोलीतून पिल्लू खाली पडलं, की ते थंडीच्या नाहीतर उन्हाच्या तावडीत सापडतं. कुणीतरी ते घरी आणतं, दुधात पोळी कुस्करतं. पिल्लू चोच मिटून बसतं. मग सल्ला मिळतो, "हट्टी आहे, चोच उघडून भरव!" इथेच घात होतो.

पिल्लू हट्टी नसतं. पिसं न फुटलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. ढोलीत ती ऊब आई आणि भावंडं देतात. अंग गार पडलं की पचन मंदावतं, जवळपास थांबतं. अशा वेळी पोटात ढकललेलं अन्न तसंच पडून आंबतं. म्हणून आधी ऊब, मग घास. खोक्यात मऊ कापड घाला आणि एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. बाटली एकाच बाजूला असावी, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकता येतं. उघड्या अंगाच्या पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, पिसांचे कोंब फुटलेल्याला ३० च्या आसपास. एप्रिल-मेमध्ये मात्र उलटं. पिल्लू चोच वासून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल, तर बाटली नको, सावली हवी.

आता गळ्याखाली बघा. तिथे अन्न साठवायची पिशवी असते. ती फुगलेली असेल, तर आईने नुकतंच भरवलंय आणि पिल्लाला भूकच नाही. तासन् तास उलटूनही ती रिकामी होत नसेल, तर पशुवैद्यकाकडे जा.

पिशवी रिकामी आहे, अंग उबदार आहे, तर चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटाने हलकेच स्पर्श करा. भुकेलं पिल्लू मान जोरजोरात वरखाली करू लागतं. त्या हालचालीत त्याची श्वासनलिका बंद राहते आणि घास सुरक्षित उतरतो. मान हलायची थांबली की भरवणंही थांबवायचं. जबरदस्तीने ड्रॉपर मारला, तर जिभेमागेच असलेल्या श्वासनलिकेत पातळ अन्न जातं आणि पिल्लू न्यूमोनियाने मरतं.

खाणं कोमट हवं, ३९ ते ४१ अंश. गार दिलं तर पिल्लू नाकारतं; फार गरम दिलं तर पिशवी आतून भाजते आणि ते दोन-चार दिवसांनी कळतं. दूध अजिबात नको, पक्ष्यांना ते पचत नाही. पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी तयार पावडर सगळ्यात बरी, तीही पशुवैद्यकाला विचारून.

पिसं भरलेलं पिल्लू खात नसेल, तर ते बहुतेकदा घाबरलेलं असतं. त्याला शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. समोर उकडलेले मक्याचे दाणे, पेरूची फोड ठेवून बाजूला व्हा. (नंदुरबारच्या मिरचीबद्दल विचाराल, तर पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. पण नुसत्या मिरचीवर पिल्लू वाढत नाही.)

हे सगळं तात्पुरतं, मदत मिळेपर्यंतचं. ढोली शाबूत असेल आणि पिल्लू धडधाकट असेल, तर त्याला परत तिथेच ठेवणं सर्वात उत्तम. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. ते शक्य नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आपला रानातला पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग पिल्लू कितीही प्रेमाने वाढवलेलं असो.

बचाव केंद्रात वाढलेलं पिल्लूही सहा-सात आठवड्यांचं झालं की एक दिवस अचानक घास नाकारतं, वजनही थोडं उतरतं. तेव्हा काळजी करायचं कारण नसतं. ते उडायच्या तयारीत असतं, आणि त्याला आता दाणा स्वतः फोडून खायचा असतो.